दुसऱ्याच्या वाफ्यातले अण्णा

अण्णांना आपल्या वाफ्यात काय चाललंय यापेक्षा दुसऱ्याच्या वाफ्यात काय चाललंय हे आधी दिसायचं. सांगलीत कृष्णेच्या काठी आम्ही काही हौशी मंडळी भाजीचे पट्टे करायचो. त्यांचा पट्टा अगदी उतारावर पाण्यालगत, माझा वर बाभळीपाशी, मधे बाकीच्यांचे. तरी मी मेथीचं बी मुठीत घेतलं रे घेतलं, की खालून हाक यायची, "पाव्हणं, जरा थांबा!" मुठीत बी आहे, ते मेथीचं आहे आणि मी ते दाट फेकणार आहे, हे सगळं मूठ उघडायच्या आत त्या माणसाला कसं कळायचं, ते मला आजवर उमगलेलं नाही. काठावर एक घार फिरायची. ती उंदीर हेरायच्या आधी अण्णांच्या पट्ट्यावरून एक चक्कर मारून जायची. शिकायलाच येत असणार.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'जरा थांबा'नं सुरू व्हायचं, म्हणून पाठीमागं सगळे त्यांना 'जराथांब अण्णा' म्हणत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, हे नाव कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लय उशिरा ठेवलासा. मी लग्नाच्या मांडवातच ठेवलं हुतं. भटजी मंगलाष्टक म्हणाय लागलं, तर ह्यांनी त्याला थांबवलं."

आमच्या त्या जागेला 'मळी' म्हणत. मळी म्हटल्यावर साखर कारखान्याची ती नाक दाबायला लावणारी मळी डोळ्यांपुढं आणू नका. पूर ओसरल्यावर नदी काठाला जो काळाभोर, लोण्यासारखा गाळ ठेवून जाते, ती ही मळी. मळीचे मालक दिवाळीनंतर दोरी धरून पट्टे पाडायचे आणि घरी भाजी पोचवायच्या बोलीवर ज्याला हौस त्याला द्यायचे. मी वाईचा, बँकेच्या बदलीनं सांगलीत आलेला. म्हणून अण्णांच्या लेखी कायमचा 'पाव्हणं'. मातीला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ आणि माती अशी, की चूक करायलाही अक्कल लागावी. एकदा मी छत्री रोवून विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर दांड्याला डोळे फुटलेले. अण्णा म्हणाले, "पाव्हणं, आता काढू नका. हंगामाला दोन-चार छत्र्या लागतील."

माघ सरत आला की मळीत जायला पाय आपोआप वळायचे. सकाळचं ऊन अजून अंगाला बरं वाटायचं, पलीकडच्या काठी सावरीला पान नसायचं आणि नुसती लाल फुलं असायची. चपला बांधावर काढून आदल्या सांजेला शिंपलेल्या वाफ्यात पाय ठेवला, की तळव्यातून गारवा वर चढायचा तो थेट बँकेतल्या साहेबाचा चेहरा पुसून टाकायचा. भेंडीचा कोंब मातीचा पापुद्रा टोपीसारखा डोक्यावर घेऊन वर यायचा. तो पापुद्रा पडायची वाट बघत मी उकिडवा बसून राहायचो आणि कामाला उशीर व्हायचा. पहिली काकडी घरी न्यायची नाही असा माझा बेत असायचा. वेलावरनं तोडायची, शर्टाला पुसायची, खिशातली मिठाची पुडी सोडायची आणि नदीकडं तोंड करून खायची. दुसऱ्या घासाला खालून हाक ठरलेली, "पाव्हणं, जरा थांबा! देठाकडनं न्हाई, शेंड्याकडनं खावा!"

अण्णांचं आयुष्य हळदीच्या पेठेत गेलं होतं. हळकुंड कानाशी मोडून ते कुठल्या गावचं ते सांगायचे म्हणतात. अंगात हळद इतकी मुरलेली, की पांढरा सदरा घालून निघालेला माणूस संध्याकाळी पिवळ्या सदऱ्यात घरी यायचा आणि डास त्यांना चावून औषध घेतल्यासारखा बरा होऊन जायचा. घर जैन, पाळणारं. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर घरात नाही. वांगं तर त्यांनी तरुणपणीच मुनी महाराजांपुढं हात जोडून नियम घेऊन सोडलेलं. कृष्णाकाठी राहून वांगं सोडायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. पण सोडलं ते खाणं. बोलणं सोडलेलं नव्हतं. मळीत वांग्यावर शेवटचा शब्द अण्णांचा. शेजारच्या पट्ट्यातले ड्रायव्हर मामा, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, एकदा वैतागून म्हणाले, "आण्णा, चव म्हाईत न्हाई आन् शिकवताय कशाला?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मामा, तुमी बस चालवली. तिकीट काढून कवा बसला हुता काय?"

सल्ला द्यायला त्यांना माणूसच लागायचा असंही नाही. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकरांना माहीत आहे. एका सकाळी एक धिप्पाड मगर अण्णांच्या पट्ट्याखाली वाळूवर येऊन पडली. आम्ही सगळे बाभळीच्या दिशेनं असे पळालो, की ड्रायव्हर मामा बाभळीच्या शेंड्यावर दिसले. अण्णा जागचे हलले नाहीत. हातातलं खुरपं खाली ठेवून म्हणाले, "जरा थांब बाई. हितं आकराला सावली येती. तिकडं दगडापाशी पड, दिसभर ऊन हाय." मगरीनं थोडा विचार केला आणि ती दगडापाशी गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मामा म्हणतात ती आपसूक गेली, पण मामा तेव्हा डोळे मिटून बसले होते.

अण्णांच्या पट्ट्यात एक वाफा किडीचा होता. आमच्या भाजीवर मावा पडला की आम्ही फवारा काढायचो. अण्णा धोतराचा जुना मऊ तुकडा आणि सूप घेऊन बसायचे, पानापानावरची कीड अलगद सुपात झाडायचे आणि कोपऱ्यातल्या वाफ्यात नेऊन सोडायचे. तिथं त्यांनी खास किडीसाठी मोहरी लावलेली, तिलाही रोजचं पाणी. "ह्ये तुमचं," असं किडीला सांगायचे, "तिकडं यायचं न्हाई." तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण कीड ऐकायची. एक अळी चुकून बांधापर्यंत आलेली, इकडंतिकडं बघून ओशाळलेली आणि माघारी गेलेली मी पाहिली आहे. आमच्या फवारलेल्या पट्ट्यातली कीडही बायकापोरं घेऊन तिकडं राहायला जायची. त्या वाफ्यात जागा मिळत नाही, अशी एका सुरवंटाची तक्रारही होती म्हणे.

अष्टमी आणि चतुर्दशीला मात्र अण्णांची पंचाईत व्हायची. त्या दिवशी ते हिरवं खात नसत आणि तोडतही नसत. भेंडीला तिथी कुठली कळायला! फाल्गुनातल्या उन्हात ती एक दिवस झाडावर राहिली की तिचं लाकूड होतं, दोन दिवस राहिली तर तिच्यावर टेकून म्हातारा माणूस बाजारात जाऊन येईल. पण 'पाव्हणं, तेवढ्या तोडा' असं मला म्हणणंही त्यांना चालत नसे. "आपण करणं, दुसऱ्याकडनं करवणं आन् करणाऱ्याला बरं म्हणणं," ते बोटांवर मोजून सांगायचे, "तिन्हीचं माप एकच." म्हणून अष्टमीला ते माझ्याकडं पाठ करून नदीकडं बघत जप करत उभे राहायचे. मी खाली जाऊन त्यांच्या भेंड्या तोडून घ्यायचो आणि झालं की खाकरायचो. मग अण्णा वळायचे, मोकळ्या झाडांकडं बघायचे आणि म्हणायचे, "वारा लय सुटला हुता वाटतं."

त्या तीन गोष्टींतली मधली गोष्ट एका वसंतात अण्णांच्या अंगाशी आली.

होळी होऊन गेली होती. ड्रायव्हर मामा दुधी भोपळ्यासाठी आळं खणत होते. हातभर खड्डा झाला तशी त्यांनी कुदळ टाकली, कंबर धरली आणि म्हणाले, "बास झालं." लगेच खालून हाक आली, "मामा, जरा थांबा! एवढ्यात काय हुतंय? आनी वीतभर जाऊ द्या खाली. भोपळ्याची मुळी लेकुरवाळी असती, तिला ऐसपैस लागतं." मामांनी कुरकुरत कुदळ उचलली, एक घाव घातला आणि तसेच वाकून राहिले. खाली, मातीच्या गार पोटात, एक बेडूक पावसाची वाट बघत झोपला होता. आता तो कशाचीच वाट बघत नव्हता.

अण्णा वर आले. खड्ड्यात बघितलं. मामांचा चेहरा पडला. "आण्णा, मला काय म्हाईत हो, खाली ह्ये..."

"तुमची चूक न्हाई, मामा," अण्णा म्हणाले. "तुमी बास म्हणला हुता."

एवढंच. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी त्या बेडकाला उचलून बांधाकडेला पुरलं आणि पट्ट्याकडं न बघता घरी गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नंतर मळीत फिरकलेही नाहीत. त्यांच्या काकडीला पाणी मी आणि मामांनी घातलं आणि घालताना दोघांनाही सारखं वाटत होतं, आता हाक येईल. हाक आली नाही. मळी एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग अक्काच मळीत आल्या. बांधावर पदर सावरून बसल्या. "भाऊ, तुमच्या अण्णांनी लय मनाला लावून घेतलंय. रविवारी बस्तीत महाराज येणार हायत. त्यांच्यापुढं नियम घेणार म्हणत्यात. जन्मभर मातीला हात लावायचा न्हाई."

बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर. आणि तिथं महाराजांपुढं घेतलेला नियम म्हणजे काय, हे वांग्यावरून आम्हाला ठाऊक होतं. एकदा हात जोडले की संपलं. त्या माणसानं नंतर पन्नास लग्नांत भरल्या वांग्याचं ताट शेजाऱ्याकडं सरकवलं होतं.

"आणि मग दिवसभर घरात," अक्का म्हणाल्या. "कालपासनं सुरू झालंय. मी कणीक मळाय घेतली तर दारातनं म्हणत्यात, जरा थांब. मी म्हटलं, आता थांबते ती थांबतेच, तुमीच लाटा." आम्ही हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "चेष्टा न्हाई भाऊ. पेठ सुटली तवा ह्ये माणूस भिंतीकडं तोंड करून बसायचं. जेवलं का इचारलं तर आठवाय लागायचं. मळीत पट्टा मिळाला आन् ताटात काय वाढलंय ते बघाय लागलं. आता ह्येबी सुटलं तर..."

ड्रायव्हर मामा नदीकडं बघत राहिले. घाव त्यांच्या हातचा होता.

दुसऱ्या दिवशी मामा अण्णांच्या दारात हजर. हातात झाकलेली टोपली. "आण्णा, आनंदाची बातमी हाय! मेला न्हवता त्यो! निसता बेशुद्ध पडला हुता. मी उकरून काढला, दवाखान्यात न्हेला, बगा कसा टुणटुणीत झालाय!" टोपली उघडली. आत नाल्यातून धरून, साबणानं धुऊन आणलेला एक बेडूक बसला होता. अक्का आतून पदर तोंडाला लावून बघत होत्या. बेत त्यांनाही माहीत होता.

अण्णांनी चष्मा लावला. "मामा, त्यो मातकट हुता. ह्यो हिरवा हाय."

"सलाईन लावली की, आण्णा. तवाच रंग आला."

अण्णांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्यांनी टोपली झाकली. "जिथनं आणलासा तिथं सोडून या. त्याची बायकू वाट बघत आसंल."

रविवारी आम्ही दोघेही बस्तीत गेलो. मागं भिंतीला टेकून बसलो. पुढं अण्णा, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, पाठ ताठ. बायकांच्या बाजूला अक्का, नजर त्या पाठीवर. मी सांगलीच्या गणपतीला मनातल्या मनात नारळ बोललो. मामांनी तर आपल्या बसच्या वाटेवर जेवढे देव लागायचे तेवढ्या सगळ्यांना एकदम बोलून टाकलं, सांगली ते कराड एक देव वगळला नाही. अण्णांची पाळी आली. ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. महाराजांनी काहीतरी विचारलं. अण्णांनी उत्तर दिलं. महाराजांनी पुन्हा विचारलं. ह्या खेपेला अण्णांची मान खाली गेली. मग महाराजांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अण्णांनी हात जोडले. झालं. घेतला नियम. माझ्या पोटात खड्डा पडला, मामांच्या आळ्यापेक्षा खोल.

बाहेर पायरीवर अक्कांनी त्यांना चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. "काय सोडलासा?"

"मळी न्हाई सोडली," अण्णा म्हणाले.

अक्का तिथंच पायरीवर मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मामांनी टोपी उडवली ती शेजारच्या दुकानाच्या पत्र्यावर गेली, अजून तिथंच आहे. माझ्या छातीवरून कोणीतरी हळदीचं पोतं उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाला मी नमस्कार केला, त्यानंही केला.

"मग सोडलं काय?" मी विचारलं.

अण्णा चपलेत पाय सरकवत म्हणाले, "महाराजांनी इचारलं, हातानं किती मारलंस? म्हटलं, हाताला लय जपतोय. मग हे कशानं मेलं? म्हटलं, माझ्या बोलण्यानं. तर म्हणालं, मग सोडायचं काय, ते तूच सांगतोयस की." त्यांनी टोपी नीट केली. "जन्मभर दुसऱ्याच्या वाफ्याबद्दल तोंड उघडायचं न्हाई."

आता सांगायला हरकत नाही, त्या दिवशी आमची दुहेरी दिवाळी होती. अण्णा मळीत राहणार आणि वर गप्प राहणार! मी आणि मामांनी भडंगाची पिशवी घेतली आणि नदीच्या पायऱ्यांवर बसून ती संपवली. "आता मी भोपळा उलटा लावंन," मामा म्हणाले, "कोण इचारतंय?"

सुरुवातीला मळीत स्वर्ग होता. मी मेथी दाट फेकली. गवार खोल पेरली. काकडी आणि दोडका एकाच आळ्यात लावले. खालून हाक नाही. फक्त कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा आवाज येतो तसा आवाज यायचा. बघावं तर अण्णा टोपीचं टोक दातांत धरून पाठमोरे खुरपतायत, आणि त्यांचे कान पांगाऱ्याच्या फुलासारखे लाल. एकदा मी दोडक्याची वेल बाभळीवर चढवायला घेतली, तेव्हा ते तरातरा अर्धा चढ चढून आले. माझ्या बांधापाशी थबकले. खाली वाकून एक खडा उचलला, जणू खड्यासाठीच आले होते, आणि माघारी गेले. तसले खडे त्यांनी इतके गोळा केले, की पुढं त्यांच्या पट्ट्याला चांगला दगडी बांध झाला.

माणूस मात्र सुधारला होता. जेवत होता, हसत होता, अक्का सांजेला दिवस असतानाच डबा घेऊन यायच्या आणि दोघं बांधावर बसून खायची. त्यांची भेंडी, त्यांचा पोकळा नजर लागावी असा. आमचं काय झालं ते विचारू नका. मेथी एकमेकीच्या डोक्यावर उभी राहून पिवळी पडली. गवार उगवलीच नाही. ती बहुतेक पलीकडच्या बाजूनं कर्नाटकात उगवली असेल. माझ्या काकड्या इतक्या कडू झाल्या, की बँकेतल्या एका सहकाऱ्याला दिल्यावर त्याची साखर उतरली. मामांच्या दुधीला फुलं यायची आणि गळायची. मामा भर दुपारी कळशी घेऊन वाफ्यात उभे राहायला लागले.

"आण्णा, ह्या उन्हात पाणी घालतोय बगा! बरोबर हाय न्हवं?"

अण्णा डोळे मिटून घ्यायचे.

"बोलू नका. निसती मान हलवा."

"मान हलवली म्हंजे बोललोच की," अण्णा म्हणायचे, आणि मान न हलता राहावी म्हणून हनुवटी हाताच्या तळव्यात घट्ट धरायचे.

शेवटी अक्कांनाच आमची दया आली. "आवं, आपल्याच दोडक्याला सांगा की मोठ्यानं. ऐकणारं ऐकंल."

"दोडक्याला मधी घालू नगंस," अण्णा म्हणाले. "त्यानं काय केलंय?"

रोज सकाळी मळीत जायचो, बांधावर चपला काढायचो, आणि कान नकळत उताराकडं लागलेले असायचे. ज्या हाकेनं माझ्या हातातलं खुरपं रोज दचकून पडायचं, ती आता येत नव्हती, तर मातीत हात घालायला धीर होत नव्हता. चुकलो तरी कोणी सांगणार नाही आणि बरोबर केलं तरी कोणी ओरडणार नाही, ही काय शेती झाली? मामांचंही तेच. एक दिवस ते मला म्हणाले, "पाव्हणं, बसमदी घंटी वाजायची बंद झाली की ड्रायव्हरला कसं वाटतं म्हाईत हाय? वाटतं, मागं कोणच न्हाई."

चैत्र संपता संपता माझ्या बदलीचा हुकूम आला. सातारा. सामान टेम्पोत भरलं, बायको पुढं रेल्वेनं गेली, आणि निघायच्या सकाळी मी टेम्पोवाल्याला नदीकाठावरून घ्यायला सांगितलं.

अण्णा वाफ्यात होते. अक्काही आलेल्या. "निघालासा पाव्हणं?" अण्णा म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, पावसाळ्यापर्यंत पट्टा माझ्याकडं आहे. मालकांशी बोललोय. आजपासून तो तुमचा." शपथेवर सांगतो, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. निदान फारसं नव्हतं.

अण्णांनी खुरपणं थांबवलं. "माझा?"

"तुमचा."

"परत मागायचा न्हाई?"

"साताऱ्याहून मागून काय करू?"

"काकडी, मेथी, ते बाभळीवरचं दोडकं, सगळं?"

"सगळं तुमचं."

अण्णांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का नदीकडं बघत होत्या. अण्णांनी खुरपं खाली ठेवलं, हात झटकले, टोपी सरळ केली, चढ चढून आले आणि माझा बांध ओलांडून वाफ्याच्या मध्यभागी उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाले, "आता हिकडं ये."

मी गेलो.

"ही मेथी हाय का जत्रा? हिला श्वास घ्याय जागा ठेवलीस? आन् गवार! बी पेरलंस का हीर खांदलीस? वर यायला शिडी दिली हुतीस काय तिला? ही काकडी बग. एक दिवस तुडुंब पाणी, मग चार दिवस कोरडं! तुला कोण असं जेवाय घातलं तर तूबी कडू हुशील! आन् बाभळीवर दोडका? उतरवणार कोण, तुझा साहेब? होळीपासनं बघतोय, होळीपासनं! वाटायचं जीव जातोय. ह्ये आळं कुठल्या बाजूला केलंस? चढाच्या! पाणी काय चढ चढून येतंय?"

टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला. अण्णांनी त्याला हातानं गप्प केलं. मी ओळी-ओळीनं त्यांच्या मागं फिरत होतो, प्रत्येक झाडापाशी उभा राहून बोलणी खात होतो, आणि इतकं हलकं मला बदलीचा हुकूम रद्द झाला असता तरी वाटलं नसतं. तेवढ्यात ड्रायव्हर मामा धावत आले. सगळा प्रकार बघून म्हणाले, "आण्णा, माझाबी अर्धा पट्टा तुमचा! घ्या, आत्ता घ्या!"

"तुमचा नगं," अण्णा म्हणाले. "तुमी कुठं निघालाय? ती पळवाट झाली." आणि पुन्हा माझ्याकडं वळले, "ह्ये मिरचीचं रोप बग, ह्येनं तुझं काय वाकडं केलं हुतं?"

टेम्पो सुरू झाला तेव्हा अण्णा रस्त्यापर्यंत आले. माझ्या खिडकीशी चालता चालता म्हणाले, "आन् साताऱ्यात गच्ची हाय म्हणं घराला. तिथं ऊन कुठल्या अंगानं..." आणि एकदम थांबले. हात तोंडावर गेला. साताऱ्याची गच्ची दुसऱ्याची. त्यांच्या घशात अडकलेलं वाक्य मला बाहेरून दिसत होतं.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलो. "अण्णा, गच्चीवरची एक कुंडी तुमची!"

"खरं?"

"तुमचीच! नावासकट!"

त्यांनी हात खाली घेतला आणि ते बोलायला लागले. टेम्पोच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. फक्त वळणापर्यंत त्यांचे हात दिसत होते. एक बोट मातीत खुपसल्यासारखं, मग तळवा उन्हाला आडवा धरलेला, मग पुन्हा बोट, "एवढंच, एवढंच खोल."

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत विचारतात, अक्कांचा आणि मामांचा निरोप सांगतात, आणि मग फक्त आपल्या कुंडीची चौकशी करतात. गच्चीवर आणखी काय आहे, ते विचारत नाहीत. नियम म्हणजे नियम. ही कुंडी मी विटांची बांधून घेतली आहे, गच्चीच्या ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. ह्या वसंतात तिच्यात भेंडी आहे, काकडी आहे, पोकळा आहे, आणि मेथी विरळ आहे. परवा घरमालक वर आले, बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ही हो कसली कुंडी?"

म्हटलं, "माझी नाही. सांगलीच्या अण्णांची आहे."